टँक खेळायचाय? समोर माणूस बसलाय हे आधी ध्यानात घ्या

कॉम्प्युटरने चालवलेल्या राक्षसाशी लढताना टँकचं काम सरळ असतं. त्याला डिवचलं की तो तुमच्या अंगावर येतो, तुम्ही मार खात उभे राहता आणि मागचे साथीदार त्याला निवांत झोडपतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या डंजनमध्ये हे वर्षानुवर्षं चालत आलंय. समोर पाच माणसं बसली की मात्र सगळं बिनसतं. माणूस असा डिवचला जात नाही. तो तुम्हाला बघतो, हा टँक आहे हे ओळखतो, तुमच्या शेजारून निघून जातो आणि तुमच्या मागच्या तिरंदाजाला लोळवतो. तुमची हेल्थ जवळपास पूर्ण, आणि टीम मात्र साफ. नव्या टँकच्या सुरुवातीच्या बहुतेक मॅच अशाच हातच्या जातात.

म्हणून इथे टँकला एकाच गोष्टीची चिंता वाहायची असते: माझ्याकडे दुर्लक्ष करणं समोरच्याला महाग कसं पडेल? पात्र, वस्तू, कुठे उभं राहायचं, कधी घुसायचं, हे सगळं त्यातूनच ठरतं.

खालचं सगळं लीग ऑफ लेजेंड्समधलं आहे. 2009 साली आलेला हा रायट गेम्सचा खेळ: समनर्स रिफ्टचा नकाशा, पाच विरुद्ध पाच. डोटा किंवा वाइल्ड रिफ्ट खेळत असाल तर नावं बदलतील, डोकं तेच चालवायचं. आकडे दर पॅचला (खेळाच्या अपडेटला) थोडे इकडेतिकडे होतात, तेवढं पात्राच्या माहितीत ताडून घ्या.

आधी एक पात्र धरा

वरच्या लेनमध्ये (लढाईच्या वाटेवर) मॅल्फाइट आणि ऑर्न, जंगलात (लेनच्या मधल्या भागात) अमुमू, सेजुआनी, रॅमस, खालच्या लेनमध्ये सपोर्ट म्हणून लिओना, नॉटिलस, अलिस्टार, ब्राउम. टँकची ही नेहमीची मंडळी. नवख्याने जंगल घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जंगलवाल्याला अख्ख्या नकाशाचं भान ठेवावं लागतं, आणि कुठेही काही बिघडलं की चौघंही त्याच्याच नावाने खडे फोडतात.

सुरुवातीला लिओना किंवा मॅल्फाइट घ्या. मित्राबरोबर खेळणार असाल तर लिओना, एकटे खेळणार असाल तर मॅल्फाइट. मॅल्फाइटचं अल्ट (पात्राचं सगळ्यात मोठं अस्त्र) म्हणजे दगडाचा गोळा होऊन शत्रूंच्या घोळक्यात आदळणं. तो झेप घेत असताना त्याला कोणी अडवू शकत नाही, आणि तो जिथे आदळेल तिथले सगळे सुमारे दीड सेकंद हवेत उडतात. हवेत उडवणं हा प्रकार स्टनपेक्षा (जागीच सुन्न करण्यापेक्षा) खमका. स्टनचा वेळ मर्क्युरी ट्रेड्स बूट घालून कमी करता येतो, उडवल्याचा करता येत नाही. स्टनसारखे परिणाम झटकणारं क्लेन्ससुद्धा त्यावर चालत नाही.

पिंग (इंटरनेटचा उशीर) जास्त असलेल्यांसाठीही ही दोघं बरी. ज्या पात्रांचा खेळ अर्ध्या सेकंदात तीन बटणं दाबण्यावर चालतो, त्यांच्यात वायफायने एक गचका दिला की मेलात. मॅल्फाइटच्या आदळण्याला मोठा घेर असतो, थोडं इकडेतिकडे झालं तरी चालून जातं.

एकदा निवडलं की निदान महिनाभर बदलू नका. हरलात म्हणून पात्र बदलायचं, पुन्हा हरलात की पुन्हा बदलायचं, यात शिकणं होतच नाही.

बटणांचा सराव

प्रॅक्टिस टूल नावाचा वेगळा मोड आहे. तिथे पुतळे उभे करता येतात आणि कूलडाउन (बटण पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ) लगेच संपवता येतात. लिओना घेऊन तिथे एवढंच घोटा: आधी डब्ल्यू, मग ई, आणि ई ची झेप चालू असतानाच क्यू.

यामागचं कारण असं. डब्ल्यू म्हणजे ग्रहण. ते लावल्यावर सुमारे तीन सेकंद लिओनाचा आर्मर आणि एमआर (मॅजिक रेझिस्टन्स) वाढलेला राहतो, मग त्याचा स्फोट होतो. त्या स्फोटात शत्रू सापडले तर संरक्षण आणखी तितकाच वेळ टिकतं. आधी झेप घेऊन मग ग्रहण लावलंत तर पहिला, सगळ्यात जोरदार मार तुम्ही उघड्या अंगावर घेता. ई ची तलवार सरळ रेषेत जाते, मिनियनमधून (कॉम्प्युटरच्या छोट्या शिपायांमधून) आरपार जाते आणि शेवटी लागलेल्या शत्रूपर्यंत तुम्हाला ओढून नेते. तो जेमतेम अर्धा सेकंद खिळून राहतो. क्यू मुळे तुमचा पुढचा ठोसा एका सेकंदाचा स्टन देतो. झेपेतच क्यू दाबलेलं असेल तर उतरल्या उतरल्या ठोसा बसतो. उतरून मग दाबलंत तर मध्ये फट राहते, आणि शहाणा शत्रू त्या फटीतून फ्लॅश (क्षणात थोडं लांब जाण्याची युक्ती) मारून निसटतो.

नॉटिलसचा नांगर आणि लिओनाची तलवार यांत नवखे गल्लत करतात. नांगर मिनियनला अडकतो, तलवार अडकत नाही. समोर लिओना असताना जो तिरंदाज मिनियनच्या मागे उभा राहून सुरक्षित समजतो, तो तुमचं गिऱ्हाईक.

कातडी किती जाड

इथे जरा आकडेमोड आहे, पण ही एकदा डोक्यात बसली की वस्तूंची दुकानदारी आपोआप कळते.

डॅमेज तीन प्रकारचा: फिजिकल, मॅजिक आणि ट्रू. फिजिकलला आर्मर अडवतो, मॅजिकला एमआर अडवतो, ट्रूला काहीच अडवत नाही. आर्मरचं सूत्र असं: 100 ला (100 अधिक तुमचा आर्मर) ने भागा, जे उरेल तेवढा हिस्सा मार तुम्हाला लागतो. आर्मर 100 असेल तर निम्मा मार, 200 असेल तर एक तृतीयांश, 300 असेल तर पाव. एमआरचंही हेच.

टक्केवारी बघून वाटतं की पुढे पुढे फायदा आटत जातो. तसं होत नाही. 3000 हेल्थ धरा. 100 आर्मरला शत्रूला तुम्हाला मारायला 6000 फिजिकल डॅमेज लागतो, 200 ला 9000, 300 ला 12000. दर शंभराला तेवढीच भर पडते.

आता दुसरी बाजू. समजा हेल्थ 5000 केलीत आणि आर्मर 40 वरच ठेवलात, तर शत्रूला लागतात 7000. 3500 हेल्थ आणि 150 आर्मर असेल तर 8750. हेल्थ कमी असूनही टँक जास्त टिकाऊ. हार्टस्टील नावाची एक वस्तू आहे, शत्रूला ठराविक वेळाने ठोसा मारला की घणाचा घाव पडल्यासारखा आवाज येतो आणि तुमची हेल्थ कायमची वाढते. तो आवाज फार गोड लागतो, कबूल. पण आवाजापायी त्याच्याच जोडीला नुसत्या हेल्थच्या वस्तू घेत सुटलात, तर स्क्रीनवर लांबलचक हिरवी पट्टी दिसते आणि समोरचा ती लोण्यासारखी कापतो. शिवाय ब्लेड ऑफ द रुइन्ड किंग आणि लियांड्रीसारख्या वस्तू तुमच्या हेल्थच्या टक्केवारीने मारतात. वेन तर दर तिसऱ्या बाणाला कमाल हेल्थच्या टक्केवारीने ट्रू डॅमेज देते. समोर वेन असेल तर तिला पकडून पटकन संपवणं हाच उतारा, तासभर वस्तूंची यादी चाळून काही निघत नाही.

वस्तू घेण्याची पद्धत साधी ठेवा. टॅब दाबून बघा की समोर आत्ता सगळ्यात माजलेला कोण आहे, आणि त्याच्याविरुद्ध घ्या. तिरंदाज किंवा झेड, टॅलनसारखा मारेकरी माजला असेल तर आर्मर. जादूगार माजला असेल तर केनिक रूकर्न किंवा फोर्स ऑफ नेचर. सतत क्रिट (नेहमीपेक्षा जास्त जोराचे फटके) बसत असतील तर रँडुइन्स ओमेन, खूप वेगाने ठोकणारा असेल तर फ्रोझन हार्ट, समोरचे मारता मारता स्वतःला बरे करून घेत असतील तर थॉर्नमेल. गेम सुचवतो ती यादी डोळे मिटून घेऊ नका. सपोर्ट असाल तर सोनं कमीच मिळतं, तेव्हा लॉकेट ऑफ द आयर्न सोलारीसारखी सगळ्या टीमला ढाल देणारी स्वस्त वस्तू आधी.

लेनमध्ये: लेव्हल दोनची घाई

खालच्या लेनमध्ये दोघंजण अनुभव वाटून घेतात. पहिली लाट सहा मिनियनची. ती पूर्ण मेली आणि दुसऱ्या लाटेतले पुढचे तीन मेले की तुम्ही दोघं लेव्हल दोनला पोचता. जो आधी पोचतो त्याच्याकडे काही क्षण एक बटण जास्त असतं. लिओनासाठी ते क्षण सोन्याचे.

म्हणून पहिल्या लाटेला तिरंदाजाला मिनियन मारायला मदत करा. सातवा, आठवा मेला की पुढे सरका. नवव्याची हेल्थ संपत आली की चालायला लागा, मरेपर्यंत थांबू नका. लेव्हलचा उजेड अंगावर पडला की ई घ्या आणि त्याच दमात झेप टाका. समोरचा अजून एक लेव्हलवर असतो, त्याला वाटत असतं की अजून वेळ आहे. ई, क्यू, दीडेक सेकंद तो जागचा हलत नाही. लिओनाने मारलेल्या शत्रूवर सूर्याची खूण उमटते, आणि साथीदाराने त्याला मारलं की ती फुटून जास्तीचा डॅमेज होतो. ही खूण तुमच्या स्वतःच्या माराने फुटत नाही. लिओना हे पात्रच जोडीने खेळायचं आहे.

इथे एक सावधगिरी. शत्रूच्या माणसाला मारलंत की त्याचे आसपासचे मिनियन तुमच्यावर उलटतात. त्यांची लाट मोठी आणि तुमची लहान असेल, तर लेव्हल दोनला मिनियनचा मार तिरंदाजापेक्षा जास्त होतो. झेप घेण्याआधी मिनियन मोजा.

टॉवरचा (गोळे मारणाऱ्या बुरुजाचा) नियमही असाच. टॉवर आधी मिनियनला मारतो, पण त्याच्या छायेत तुम्ही शत्रूच्या माणसाला हात लावलात की तो तुमच्याकडे वळतो, आणि लागोपाठचा प्रत्येक गोळा आधीच्यापेक्षा जड बसतो. टॉवरखाली घुसायचंच असेल तर पहिला हात टँकचा, पहिले दोन-तीन गोळे टँकचे, आणि मग टँकने आधी बाहेर. मारण्याचा मोह आवरा.

शत्रूने फ्लॅश वापरला की घड्याळ बघा. फ्लॅशचा कूलडाउन 300 सेकंदांचा असतो. 7:30 ला गेला तर साधारण 12:30 पर्यंत त्याच्याकडे पळवाट नाही. चॅटमध्ये तेवढा आकडा टाकून ठेवा. पुढची पाच मिनिटं लेनमध्ये झेप कोणावर टाकायची हा प्रश्न सुटला.

झुडपात पहिलं पाऊल तुमचं

अंधाऱ्या झुडपात कोण लपलंय हे बघायला कोणीतरी जावंच लागतं. जादूगार गेला तर तो मरतो, तुम्ही गेलात तर जखमी होऊन परत येता. झुडपातलं दाखवणारा कंट्रोल वॉर्ड 75 सोन्याला मिळतो. घरी गेलात की एक घ्याच, त्याला कारणं शोधू नका. ड्रॅगन किंवा बॅरन या मोठ्या राक्षसांवरच्या लढाईआधी मिनिटभर तिथली झुडपं तुमच्या ताब्यात असतील तर शत्रूला अंधारात चालत यावं लागतं, आणि कोणाच्या अंगावर कुठून जायचं हे तुम्ही ठरवता. झुडपात टँक आहे की नाही हे माहीत नसलेला शत्रू पाच पावलं मागेच थांबतो. तिथे तुम्ही खरोखर नसलात तरी तो थांबतो, हा फुकटचा फायदा.

घुसायचं कधी

कबड्डीत कोपऱ्यातला गडी चढाई करणाऱ्याचा घोटा धरतो. त्याच क्षणी बाकीचे अंगावर पडले तर पकड, नाहीतर चढाई करणारा त्याला ओढत रेषेपर्यंत घेऊन जातो. टँकच्या झेपेचं तंतोतंत हेच आहे. तुमची झेप किती देखणी होती याला काही किंमत नाही, पुढच्या सेकंदाला मागचे पोचले का एवढंच.

हे अंतराने मोजता येतं. मॅल्फाइटच्या अल्टचा पल्ला 1000. तिरंदाजांच्या बाणांचा पल्ला साधारण 500 ते 650. समजा तुमचा तिरंदाज तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे, पल्ला 600. तुम्ही पूर्ण 1000 वर आदळलात तर त्याला 400 चालावं लागेल. बूट घातलेलं पात्र सेकंदाला 370 च्या आसपास चालतं. म्हणजे सव्वा सेकंदाच्या आत तो पोचतो आणि शत्रू अजून हवेत आहे. तोच तिरंदाज तुमच्या 300 मागे असेल तर त्याला 700 चालायचंय, जवळपास दोन सेकंद. शत्रू खाली उतरून सावरलेला, आणि त्यांच्या पाचांत तुम्ही एकटे. दोन्ही वेळा झेप तीच, बटण तेच.

म्हणून घुसण्याआधी शत्रूकडे नव्हे, मागे बघा. कॅमेरा मागे सरकवा किंवा कोपऱ्यातला छोटा नकाशा बघा. मग ‘ऑन माय वे’चा पिंग (इथे पिंग म्हणजे टीमला दिलेला इशारा) द्या, अर्धा सेकंद थांबा आणि जा. मित्रांबरोबर व्हॉइसवर असाल तर आमच्याकडे तीनच शब्द ठरलेत: ‘जातोय’, ‘नको’ आणि ‘मागे’. ‘अरे तो बघ तिकडे एकटाच आहे, जाऊ का, काय म्हणता’ एवढं बोलून होईपर्यंत तो घरी जाऊन बूट घेऊन आलेला असतो.

दुसरी गोष्ट, त्यांच्याकडची सोडवणूक. मॉर्गनाची काळी ढाल शाबूत असेल तर तुमचा स्टन तिच्यावर आपटून वाया जाणार. स्टन झटकणारी क्विकसिल्व्हर सॅश घेतलेल्या तिरंदाजावर लिओनाचं अल्ट टाकणं म्हणजे त्याला एक बटण दाबायला लावणं. अल्ट ऑलाफवर तर टाकूच नका, त्याचं अल्ट चालू असताना त्याला स्टनसारखं काहीच लागू होत नाही. आधी छोट्या गोष्टींनी ही बटणं खर्च करायला लावा. पुढे जा, घुसतोय असं दाखवा, मागे या. घाबरून मॉर्गनाने ढाल वापरली की खरं घुसा. समोरचे चांगले खेळणारे असतील तर अशी हूल दोनदा चालते, तिसऱ्यांदा नाही.

आणि निशाणा कोणता? सगळे सांगतात, मागचा तिरंदाज. मला हे अर्धंच पटतं. चार जणांच्या पलीकडे उभ्या असलेल्या तिरंदाजावर जायचं म्हणजे तुमची टीम तुमच्यापासून तोडली जाणार. नवख्याने जो सर्वांत पुढे आणि एकटा आलाय त्याला धरावं, मग तो त्यांचा सपोर्ट असला तरी चालेल. पाच विरुद्ध चार झालं की तिरंदाज आपोआप मागे पळतो.

न घुसणं

तुमचा तिरंदाज टीममध्ये सगळ्यात पुढे असेल, तीन किल जास्त, वस्तू एक जास्त, तर घुसण्याची गरजच नसते. त्याच्या शेजारी उभे राहा. त्यांचा मारेकरी उडी मारून येईल तेव्हा त्याला तिथेच स्टन करा, अलिस्टार असाल तर डोक्याने ढकलून द्या, ब्राउम असाल तर ढाल उभारून बाण अडवा. खेळाडू याला ‘पील’ म्हणतात. किल तुमच्या नावावर लागत नाही, व्हिडिओत छान दिसत नाही. म्हणूनच खालच्या रँकमध्ये हे फार कमी जण करतात.

उभं कुठे राहायचं हा प्रश्न असेल तर साथीदार आणि त्यांचा सर्वांत घातक माणूस यांच्या मधल्या रेषेवर. ब्लिट्झक्रँकचा हात, नॉटिलसचा नांगर, ॲशचा बर्फाचा बाण पहिल्या आडव्या येणाऱ्या माणसाला लागून थांबतात. तो माणूस तुम्ही असणं परवडतं.

मेल्यावर परत यायचा वेळ लेव्हलप्रमाणे वाढत जातो, तेव्हा मॅचच्या शेवटी टँकनेही उगाच मरू नये. झेप घेतली, बटणं संपली, शत्रू सावरला, की बाहेर या. बटणं परत येईपर्यंत तुम्ही तिथे नुसते मांसाचा गोळा आहात, आणि मघाशी म्हटल्याप्रमाणे माणूस तुम्हाला ओलांडून जातो.

मॅच संपल्यावर

टीममधला कोणी ना कोणी तुमचे मृत्यू मोजून दाखवेलच. त्याला टॅबमधून म्यूट करा, वाद घालू नका. शेवटच्या तक्त्यात तुमच्यासाठी महत्त्वाचे आकडे वेगळे आहेत: सोसलेला डॅमेज, आर्मर-ढालींनी अडवलेला डॅमेज, शत्रूला जखडून ठेवल्याचा स्कोअर आणि व्हिजन स्कोअर (नकाशा किती उजेडात ठेवलात त्याचा). सोसलेला डॅमेज भरपूर पण जखडण्याचा स्कोअर नगण्य, याचा अर्थ तुम्ही नुसता मार खाल्लात. दोन्ही कमी असतील तर तुम्ही भांडणांना उशिरा पोचत होतात किंवा त्यांनी तुम्हाला सरळ बाजूला टाकलं.

मग रिप्ले उघडा आणि फक्त स्वतःचे मृत्यू बघा. प्रत्येक वेळी झेपेच्या क्षणाला थांबवून मागचे साथीदार किती लांब होते ते पडद्यावर बोट ठेवून मोजा. अख्खी मॅच बघत बसण्याची गरज नाही, दहा मिनिटांत उरकतं. नवा पॅच आला की जुने रिप्ले उघडत नाहीत आणि पॅच साधारण दोन आठवड्यांनी येतो, तेव्हा बघायचं ते त्याच रात्री बघून टाका.